व्हॉल्व्हवाला ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही परत चालू करायचाय? आधी प्लगपासून हात लांब ठेवा

जुना टीव्ही हाती आला की पहिली खाज कुठली सुटते, तर प्लग लावून बघू चालतोय का. नेमकं हेच करायचं नाही. पन्नासेक वर्षांच्या सेटमधले काही कंडेन्सर सुकलेले असतात, काही लीक झालेले असतात, आणि त्यावर डायरेक्ट २३० व्होल्ट सोडले की पहिल्या दोन-चार मिनिटांतच ईएचटी ट्रान्सफॉर्मर (पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा) जळू शकतो. कंडेन्सर आजही कुठेही मिळतो, पण त्या मॉडेलचा ईएचटी शोधायला गेलात तर तसाच दुसरा मेलेला सेट सापडावा लागतो.

दुसरं म्हणजे 'व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्या) गेले असतील' ही समजूत आत्ताच सोडा. त्या काळी मेकॅनिक घरी यायचा, खिशातून व्हॉल्व्ह काढून बदलायचा आणि चित्र यायचं, म्हणून व्हॉल्व्हचं नाव बद्दू झालं. पण तेव्हा सेट रोज पाच-सहा तास चालायचा आणि कंडेन्सर नवे होते. आता उलटं आहे, बंद पडून राहिलेल्या सेटमधे बरेचसे व्हॉल्व्ह ठीक निघतात आणि आजूबाजूचे कंडेन्सर आणि रेझिस्टन्स मेलेले असतात. त्यामुळे व्हॉल्व्हचा अख्खा सेट विकत घ्यायला धावू नका, ते काम सगळ्यात शेवटचं.

कुठला सेट म्हणतोय मी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९७३ मधे सिंहगडावरून पुण्यातही दिसायला लागलं, त्या वर्षांत घरी आलेले सेट. वेस्टन, टेलिव्हिस्टा, क्राऊन, टेलेरॅड अशी नावं, लाकडी कॅबिनेट, सरकणारं शटर, शटरला कुलूप, खाली चार पाय. यातले काही पूर्ण व्हॉल्व्हचे, काही हायब्रिड, म्हणजे अर्धे ट्रान्झिस्टर आणि लाईन-फ्रेमचं, म्हणजे चित्र आडवं-उभं पसरवायचं, जड काम व्हॉल्व्हकडे. व्हॉल्व्हवर पीएल५०४, पीवाय८८, पीसीएल८०५, पीसीएल८४ असं काही लिहिलेलं दिसलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. सुरुवातीचं 'पी' म्हणजे हीटर ३०० मिलिअँपचा, सगळे हीटर एकामागे एक सिरीजमधे जोडलेले. ईएफ१८३ सारखे ६.३ व्होल्टवालेही ३०० मिलिअँपच घेतात म्हणून ते पण त्याच माळेत बसतात.

सेट घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. पिक्चर ट्यूबच्या मानेला तडा नाही ना, आणि बेसवरच्या हीटरच्या दोन पिनांमधे मीटर काही ओहम दाखवतो का. हीटर ओपन असेल तर सेट शोपीस म्हणून घ्या, भाव त्याप्रमाणे करा. मग ईएचटीचा पिंजरा उघडून ट्रान्सफॉर्मरवरचं मेण वितळून खाली सांडलंय का, कुठे काळं पडलंय का बघा. व्हॉल्व्हच्या काचेत आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर त्यात हवा शिरली, तो गेलाच. बाकी मोडलेली बटणं, फाटलेला स्पीकर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हे सगळं होतं.

शॉक कसा लागत नाही ते

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. या सेटमधे मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. मेन्सची एक तार थेट लोखंडी चासीला, म्हणजे आतल्या सांगाड्याला, जोडलेली असते, त्यामुळे प्लग उलटा लागला किंवा घरातलं वायरिंग उलटं असलं तर अख्ख्या चासीवर फेज येतो. बटणाचं प्लास्टिक निघालं असेल तर नुसत्या धातूच्या दांड्याला हात लागूनही माणूस फेकला जातो.

म्हणून १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच, पण सेट मेन्सपासून वेगळा) लागतोच. सेट १५०-१८० वॅट खातो पण ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएचा घ्या, कारण आत हाफ वेव्ह रेक्टिफायर आहे, तो करंट एकाच बाजूने ओढतो आणि छोटा ट्रान्सफॉर्मर तापून गुणगुणायला लागतो. डिमरस्टॅट (व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवायचं उपकरण) असेल तर उत्तमच, पण डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नाही हे पक्कं डोक्यात ठेवा, तो आयसोलेशनच्या जोडीला लावायचा, त्याच्या जागी नाही. आणि आयसोलेशन लावल्यावर घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तुम्हाला वाचवत नाही, दोन हात दोन ठिकाणी लागले तर तो ट्रिप होणार नाही. एक हात खिशात ठेवून मोजायची सवय लावा, मीटरची काळी क्लिप आधी सेट बंद असताना लावून घ्या.

पिक्चर ट्यूब हा स्वतःच एक मोठा कंडेन्सर आहे. बाहेरून काळा ग्रॅफाईटचा लेप, आतून लेप, मधे काच, आणि त्यात १५-१८ हजार व्होल्ट बरेच दिवस साठून राहू शकतात. डिस्चार्ज करायला जाड इन्सुलेशनच्या वायरीत एक मेगओहमचा हाय व्होल्टेज रेझिस्टन्स घ्या, एक टोक बाहेरच्या काळ्या लेपावरच्या जाळीदार पट्टीला पक्कं जोडा, दुसरं टोक लांब दांड्याच्या इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरला बांधून ट्यूबच्या रबरी टोपीखाली सरकवा. काही सेकंद धरा. मग दहा मिनिटांनी परत करा, काचेतला चार्ज थोडा परत वर येतो. जुने मेकॅनिक पेचकसने ठिणगी ओढून 'ईएचटी आहे' सांगायचे, ते बघायला भारी वाटायचं पण तुम्ही करू नका.

ट्यूब मानेला धरून उचलायची नाही, कधीच नाही. गॉगल लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि ट्यूब काढायची गरज नसेल तर काढूच नका.

धूळ, फोटो आणि थंड तपासणी

आधी फोटो काढा, प्रत्येक बाजूने, भरपूर. कुठली वायर कुठे होती हे आठवड्यानंतर आठवत नाही. मग मऊ ब्रश आणि ब्लोअर, गॅलरीत नेऊन. व्हॉल्व्हवरची छपाई ओल्या कापडाने पुसली तर नंबर निघून जातो, तिथे फक्त कोरडा ब्रश. ड्रॉपरजवळ (हीटरच्या माळेतले जास्तीचे व्होल्ट खाणारा मोठा रेझिस्टन्स) राखाडी पुठ्ठ्यासारखी शीट असेल तर खरवडू नका, ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. व्हॉल्व्ह एकेक काढून पिना आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग जिथला तिथे. ट्यूनरचे कॉन्टॅक्टही तसेच, ते चांदीचे असतात, सँडपेपर लावाल तर वाट लागेल. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत सेट पडून असेल तर ईएचटी आणि योकमधे (ट्यूबच्या मानेवरच्या कॉईल) ओल असते, एक दिवस बंद पेटीत साठ वॅटचा बल्ब लावून सुकवा, आणि शक्य असेल तर हे काम जानेवारी ते मे मधेच काढा.

आता मीटर. हीटरची माळ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग आहे का बघा. नसेल तर कोणातरी एकाचा हीटर ओपन आहे किंवा ड्रॉपरचा एक भाग तुटलाय, आणि बऱ्याचदा ड्रॉपरच असतो. इथे थोडं गणित उपयोगी पडतं. पीएल५०४ चे २७ व्होल्ट, पीवाय८८ चे ३०, पीसीएल८०५ चे १८, पीसीएल८४ चे १५, असे सगळे आणि पिक्चर ट्यूबचे ६.३ मिळवले की एका साधारण सेटची बेरीज १५५ च्या आसपास जाते. २३० मधून उरले ७५ व्होल्ट, ते ०.३ अँपला म्हणजे २५० ओहम, आणि तिथे २२-२३ वॅट उष्णता. म्हणून ड्रॉपर एवढा तापतो आणि म्हणूनच त्याच्या जागी किरकोळ दहा वॅटचा रेझिस्टन्स लावून चालत नाही. ड्रॉपरला २००-२२०-२४० असे टॅप असतील तर २४० वर ठेवा, आजकाल शहरात व्होल्टेज वरच असतं.

काही सेटमधे ड्रॉपरऐवजी हीटरच्या माळेत एक डायोड असतो. तो शॉर्ट झाला तर सगळ्या हीटरना जास्त व्होल्टेज मिळतं आणि पिक्चर ट्यूबही त्यातच असते. असा डायोड दिसला की विचार न करता नवा टाका.

एचटी लाईन (व्हॉल्व्हना जास्त डीसी व्होल्टेज देणारी) ते चासी दहा किलोओहमच्या वर दाखवायला हवं. शंभर-दोनशे ओहम दाखवत असेल तर कुठेतरी शॉर्ट, बहुतेक मोठा फिल्टर कंडेन्सर.

कंडेन्सर, खरं काम इथे आहे

अॅल्युमिनियमच्या डब्यातला मोठा फिल्टर, त्यात दोन-तीन कंडेन्सर एकत्र असतात. काही लोक त्याला हळूहळू व्होल्टेज देऊन परत तयार करतात. होतं तसं, पण मला ते पटत नाही, आज ठीक होतो आणि सहा महिन्यांनी डायोड घेऊन जातो. डबा दिसायला वर तसाच राहू द्या, त्याच्या वायरी सोडवा आणि चासीखाली नवे ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीवाले लावा. २०० एमएफडीच्या जागी २२० चालेल, पण 'जास्त तितकं चांगलं' म्हणून ४७० टाकू नका, चालू होतानाचा झटका डायोडला झेपत नाही. डायोड बीवाय१२७ असतो, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा, नाही मिळाला तर वन-एन-५४०८ लावा. डायोडच्या आधीचा काही ओहमचा वायरवाउंड रेझिस्टन्स मात्र शॉर्ट करून टाकायचा नाही, तो त्या झटक्यासाठीच आहे.

मग छोटे. मेणात बुडवलेले किंवा काळ्या-तपकिरी टोपणाचे पेपर कंडेन्सर सरसकट काढा. मोहरीच्या रंगाचे पिवळे पॉलिस्टर कंडेन्सर मात्र अजून छान असतात, ते उगाच उपटू नका. सगळ्यात महत्त्वाचे तीन, पीएल५०४ च्या ग्रिडवर (व्हॉल्व्हचा करंट आवरणारी आतली जाळी) जाणारा, पीसीएल८०५ च्या ग्रिडवर जाणारा आणि ऑडिओच्या पीसीएल८६ च्या ग्रिडवर जाणारा. हे थोडे जरी लीक असले तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह भसाभस करंट ओढतो आणि लाल होतो, आणि मग सगळे म्हणतात व्हॉल्व्ह गेला. साध्या मीटरवर ओहममधे ही गळती दिसत नाही, पूर्ण व्होल्टेजवरच दिसते, म्हणून हे तिन्ही डोळे मिटून बदला. लाईन आउटपुटमधला बूस्ट कंडेन्सर ०.१ एमएफडीच्या आसपास असतो, तो एक हजार व्होल्टचाच घ्या, सहाशे तीस व्होल्टचा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

मेन्सवरचा कंडेन्सर एक्स२ क्लासचा, म्हणजे मेन्सवर लावायलाच बनवलेला, लावा. आणि अँटेनाच्या सॉकेटवर जे छोटे कंडेन्सर असतात, ते लाईव्ह चासीपासून अँटेनाला वेगळं ठेवतात. तिथे वाय१ क्लासचेच हवेत. ते शॉर्ट झाले तर फेज थेट गच्चीवरच्या अँटेनावर, किंवा आता तुमच्या डीव्हीडी प्लेयरच्या पत्र्यावर.

रेझिस्टन्समधे जुने कार्बनवाले वर्षांनुवर्षं वर सरकतात. एक मेगच्या वरचा प्रत्येक तपासा, एक पाय सोडवून. २.२ मेग लिहिलेला साडेतीन मेग दाखवतो, आणि त्यामुळेच चित्राची उंची कमी पडते. नवे लावताना बूस्ट लाईनवरचे, म्हणजे पाचशे व्होल्टच्या वरचे, दोन-दोन सिरीजमधे लावा, छोटा फिल्म रेझिस्टन्स एकट्याने तेवढं व्होल्टेज सहन करत नाही.

एका वेळी एकच पार्ट काढायचा, लगेच नवा लावायचा, सोल्डर बघायचा, मग पुढचा. दहा एकदम काढले की गोंधळ झालाच समजा.

पहिल्यांदा चालू करणे, तीन टप्प्यांत

रेडिओला लावतो तसा शंभर वॅटचा सिरीज बल्ब इथे फक्त डेड शॉर्ट आहे का एवढं बघायला ठीक. हीटरच एवढा करंट घेतात की बल्ब असताना व्हॉल्व्ह नीट तापणारच नाहीत. डिमरस्टॅट वापरा.

पहिला टप्पा फक्त हीटर. एचटीच्या डायोडचा एक पाय सोडवा, पाच-सात मिनिटांत शून्यावरून २३० वर या. सगळे व्हॉल्व्ह मंद नारिंगी दिसले पाहिजेत, एक सोडून, ईएचटीचा डीवाय८७, त्याचा हीटर ईएचटी ट्रान्सफॉर्मरवरच्या एका वेढ्यातून चालतो, तो आत्ता थंडच राहणार, घाबरू नका. पिक्चर ट्यूबच्या हीटरवर एसी ६.३ च्या जवळ मोजा. माळेतला कुठलाही व्हॉल्व्ह काढला की सगळे विझतात हेही लक्षात ठेवा.

दुसरा टप्पा एचटी, पण लाईन आउटपुट बंद ठेवून. पीवाय८८ च्या डोक्यावरची टोपी काढून बाजूला बांधा आणि पीएल५०४ चा स्क्रीन ग्रिडचा रेझिस्टन्सही सोडवा. नुसती टोपी काढून स्क्रीन चालू ठेवला तर सगळा करंट स्क्रीन ओढतो आणि चांगला व्हॉल्व्ह पाच मिनिटांत जातो. आता डायोड जोडून हळूहळू वर या. एचटी नेहमीपेक्षा जास्त दिसेल कारण लोड कमी आहे. स्पीकरमधून हलका हम आला, व्हॉल्यूम वाढवल्यावर खसखस वाढली, की ऑडिओ जिवंत. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, नव्या कंडेन्सरला बंद केल्यावर हात लावून बघा, कोमट सुद्धा नको.

तिसऱ्या टप्प्यात सगळं परत जोडा, आणि इथे डिमरस्टॅटने हळूहळू यायचं नाही, थेट पूर्ण व्होल्टेज. कारण लाईन ऑसिलेटर कमी व्होल्टेजवर सुरूच होत नाही, आणि तो सुरू नसेल तर पीएल५०४ ला ग्रिडवर निगेटिव्ह मिळत नाही आणि तो जळतो. खोलीत अंधार करा, नजर पीएल५०४ वर, हात स्विचवर. मधली प्लेट लाल व्हायला लागली की लगेच बंद. सगळं बरोबर असेल तर मिनिटभरात कानाला बारीक शिट्टी ऐकू येते, १५,६२५ हर्ट्झची, वय झालेल्यांना ती येत नाही, घरातल्या पोराला शेजारी उभं करा, पण दोन हात लांब.

लाल झाला तर ग्रिडवर ड्राईव्ह मोजा, उणे ४० ते ६० च्या आसपास हवा. ड्राईव्ह नसेल तर ऑसिलेटरचा व्हॉल्व्ह आणि त्याच्याभोवतीचे कंडेन्सर. ड्राईव्ह असून लाल होत असेल तर बूस्ट कंडेन्सर, नाहीतर ईएचटीत वेढे शॉर्ट, आणि तसं निघालं तर मात्र दुसरा सेट शोधायची तयारी ठेवा.

पडदा काय सांगतो

आधी नुसता उजेड आला पाहिजे, चित्राची घाई नको. मधे एकच आडवी पांढरी रेघ असेल तर फ्रेम बंद आहे. ब्राईटनेस लगेच कमी करा नाहीतर तिथला फॉस्फर कायमचा जळतो, मग पीसीएल८०५ चा भाग बघा. खालून चित्र दुमडलं असेल तर त्याचाच कपलिंग किंवा कॅथोडचा कंडेन्सर. बाजूंनी काळ्या पट्ट्या असतील तर एचटी कमी आहे किंवा पीएल५०४ खरंच दमलाय, इथे व्हॉल्व्ह बदलणं योग्य. जाड काळी सावली वर-खाली सरकत असेल आणि कडा नागमोडी होत असतील तर फिल्टर. चित्र वर-खाली फिरतंय आणि व्ही होल्ड फिरवूनही थांबत नाही, तर सिंक सेपरेटरजवळचा (चित्र जागेवर धरणारा भाग) एखादा सरकलेला रेझिस्टन्स. चित्र यायला खूप वेळ लागतोय आणि पांढऱ्या जागी चंदेरी, सपाट दिसतंय, तर पिक्चर ट्यूब म्हातारी झाली. तिला जास्त हीटर व्होल्टेज देऊन जोर आणणारे लोक आहेत, त्याने काही महिने मिळतात किंवा ती त्याच दिवशी जाते. जसं दिसतंय तसं मंद उजेडात बघा असं मी म्हणेन.

मुंग्या दिसायला लागल्या की अर्धं काम झालं, ट्यूनर आणि आयएफ (ट्यूनरनंतर सिग्नल मोठा करणारा भाग) जिवंत आहेत. आयएफच्या कॉईलमधले स्क्रू फिरवायचा मोह आवरा, ते स्वतःहून बिघडत नाहीत, कुणीतरी बिघडवतं.

मग दाखवायचं काय

दूरदर्शनने जुने अॅनालॉग ट्रान्समीटर जवळपास सगळीकडे बंद केलेत, अँटेना लावून काही मिळणार नाही. आरएफ मॉड्युलेटर (डीव्हीडी किंवा सेट-टॉप बॉक्सचं चित्र अँटेनाच्या चॅनेलवर टाकणारा डबा) लागतो, व्हीएचएफ बँड वनचा, चॅनेल ३ म्हणजे ५५.२५ मेगाहर्ट्झ किंवा ४ म्हणजे ६२.२५. विकत घेताना पाल-बी, म्हणजे आवाज ५.५ मेगाहर्ट्झवर, एवढं बघून घ्या, अमेरिकन मॉड्युलेटरवर आवाज ४.५ वर असतो, चित्र आलं तरी आवाज येणार नाही. सेटला चपटी ३०० ओहमची वायर लागते आणि मॉड्युलेटर ७५ चा, मधे बॅलन (हे दोन्ही जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) टाका. सिग्नल जास्त झाला तर आवाजात घर्रर्र येतं, अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावा. सेट-टॉप बॉक्सचं सेटिंग ४:३ करा, नाहीतर सगळे लांबुळके दिसतात. मग टेस्ट पॅटर्न लावून उंची, लिनिअॅरिटी, फोकस, मानेवरच्या दोन रिंगांनी सेंटरिंग, हे सगळं सेट अर्धा तास तापल्यावर, आरशात बघत करायचं म्हणजे मागून वाकून पुढे यावं लागत नाही.

कॅबिनेटवर वाळवीची भुकटी दिसली तर आधी चासी बाहेर आणि मग औषध. पॉलिशला लाखदाणा आणि स्पिरिट, कापसाच्या बोळ्याने पातळ थर, पीयू मारून चकचकीत करू नका. शटरच्या खाचेत तेल नको, मेणबत्ती घासा.

शेवटी मागचं झाकण. त्याच्याशिवाय सेट वापरायचा नाही, भोकं बुजवायची नाहीत आणि भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही. प्लगवर फेज-न्यूट्रलची खूण करा, न्यूट्रल चासीला जाईल असा लावा आणि टेस्टरने खात्री करा. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा, त्यावर चासी लाईव्ह आहे, कुठले कंडेन्सर कधी बदलले आणि एचटी किती होती ते लिहा, पुढे उघडणारा तुमचा नातू असेल किंवा भंगारवाला.

चालू असताना सोडून बाहेर जाऊ नका, आणि बघून झालं की बटण नाही, प्लगच काढायचा. महिन्यातून एकदा तासभर लावा, पावसाळ्यात आधी झाकणाजवळ बल्ब ठेवून कोरडा करून मगच.